शिडाच्या जुन्या जहाजावर स्वयंसेवक व्हायचंय: नक्की काय करावं लागतं, आणि नागपुरात काय शिकून ठेवावं?

अंबाझरीकर
नमस्कार मंडळी. आपल्या ग्रुपातले दोघं येत्या काही महिन्यांत सिडनीला राहायला जाताहेत आणि एक जण सॅन डिएगोला. दोन्ही गावांत दीडशे वर्षांची शिडाची जहाजं अजून समुद्रात नेतात, आणि ती टिकली आहेत ती स्वयंसेवकांच्या जिवावर. सिडनीचं जेम्स क्रेग १८७४ चं, संडरलंडला बांधलेलं. टास्मानियाच्या एका खाडीत सांगाडा होऊन पडलं होतं, तिथून १९७२ मध्ये स्वयंसेवकांनीच ते तरंगतं केलं. सॅन डिएगोचं स्टार ऑफ इंडिया १८६३ चं, आइल ऑफ मॅनवर बांधलेलं. मूळ नाव युटर्पी, आणि सुरुवातीच्या फेऱ्या चक्क कलकत्त्याच्या. दोन्ही आज बार्क जातीची आहेत, म्हणजे तीन डोलकाठ्या, पुढच्या दोघींवर आडवी लावलेली चौकोनी शिडं आणि मागचीवर जहाजाच्या लांबीच्या दिशेनं लावलेली.

तिघांनाही तिथं नाव द्यायचं आहे. तिथं हाताला काय काम येतं, काय बिघडतं, आणि समुद्र आठशे किलोमीटरवर असताना इथं बसून आधी काय शिकता येईल? इथं नौदलातून आलेले, लाकडातले, रंगातले लोक आहेत म्हणून इथंच विचारतो. गुगलवरची यादी नको.

शिडकाठी
आधी एक डोक्यातून काढा. डोलकाठीवर चढून शीड सोडणारा स्वयंसेवक हा फोटोतला. जहाज वर्षातले मोजके दिवस बंदराबाहेर जातं. बाकी वेळ खरवडणं, घासणं, टार लावणं, दोर बदलणं. गॅल्व्हेस्टनला एलिसा म्हणून १८७७ चं जहाज आहे, तिथं देखभालीचे तास भरल्याशिवाय शिडं हाताळणाऱ्यांत घेत नाहीत, आणि बरोबरच आहे. ज्यानं कप्पी उघडून पुसली त्याला ती वर अडकल्यावर का अडकली ते कळतं.

दोरकाम दोन तऱ्हेचं. डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणारे कायमचे दोर, म्हणजे श्राउड आणि स्टे. आणि शिडं व यार्ड, म्हणजे शीड ज्याला टांगतात तो डोलकाठीवरचा आडवा दांडा, हलवायचे चालते दोर. या लोखंडी जहाजांवर कायमचे दोर तारेचे असतात. तार उघडी ठेवली तर पावसाचं पाणी पेडांत शिरतं, तार आतून गंजते आणि बाहेरून धडधाकट दिसते. म्हणून तिला तीन थरांत गुंडाळतात. पेडांमधल्या खाचेत बारीक टारवाली दोरी भरायची. त्यावर टार लावलेल्या कापडाची पट्टी पेडाच्याच दिशेनं. सगळ्यात वर टारवाली सुतळी उलट्या दिशेनं, सर्व्हिंग मॅलेटनं आवळत. हा मॅलेट म्हणजे डोक्याला खाच असलेला लाकडी हातोडा. सुतळीचे तीन-चार वेढे त्याच्या दांड्यावर घेतले की ताण आपोआप सारखा राहतो, हातानं तेवढा कधीच येत नाही.

पट्टी गुंडाळताना खालच्या टोकाकडून वर जायचं. मग वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी कौलांवरून उतरावं तसं बाहेरून निघून जातं. उलटं केलं तर प्रत्येक वेढा पाण्याचं तोंड उघडून बसतो. चार वर्षांनी सुतळी कापली की आत तांबडी भुकटी सापडते.

हे सगळं दर वर्षी टारून काढायचं असतं. पाइनचा स्टॉकहोम टार आणि उकळलेलं जवसाचं तेल साधारण समसमान, थोडं टर्पेंटाइन, आणि वाळायला जपान ड्रायर अगदी जरासं. प्रत्येक जहाजाचा बोसन, म्हणजे दोर आणि डेकच्या कामाचा मुकादम, आपलं प्रमाण सांगेल, तेच खरं मानायचं. जवसाचं तेल म्हणजे चटणीवर घेतो ते कच्चं नव्हे, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड. तेल जास्त झालं तर वर साय धरते आणि आतलं ओलंच राहतं. ड्रायर जास्त झाला तर थर तडकतो. काम कोरड्या, उबदार दिवशी करायचं, वरून खाली येत, आणि खालच्या डेकवर आधी ताडपत्री. टारचा थेंब घासलेल्या डेकवर पडला की डाग निघता निघत नाही आणि सगळं जहाज तुमचं नाव लक्षात ठेवतं.

मेट्रोवाला
टार म्हणजे आपलं डांबरच ना? रस्त्याच्या कामावरून डबाभर आणलं तर सरावाला होऊन जाईल.

शिडकाठी
नाही भाऊ. रस्त्याचं डांबर खनिज तेलातून येतं. ते वरच्यावर कडक होतं, पेडांत मुरत नाही, थंडीत तडकतं आणि तडीतून शिरलेलं पाणी आत कोंडून ठेवतं. पाइनचा टार झाडाचा, तो तंतूत जातो आणि लवचीक राहतो. सरावाला नुसतं मेण पुरे.

आणि एक, याला कोणी हसू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेटतात. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं, बोळ्यात ती बाहेर पडत नाही. काम संपलं की चिंध्या एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवायच्या, नाही तर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवायच्या. लाकडी डेक आणि टारवाल्या दोरांच्या मध्ये हा नियम विसरून चालत नाही. आपल्याकडं मे महिन्यात सराव कराल तर दुप्पट सांभाळा.

लाकडगंज
भाऊ, तुमी सगळे दोरात गुंतले, लाकडाकडं कोणी पाहूनच नाही राहिलं. माझ्या मतानं पहिला धडा पाण्याचा. समुद्राचं खारं पाणी लाकडाचं वैरी नाही. पावसाचं गोडं पाणी वैरी आहे. लाकूड सडवते ती बुरशी. तिले लाकडात विसेक टक्क्यांच्या वर ओल, हवा आणि पंचवीस-तीस अंश ऊब लागते. मीठ असलं की तिचं जमत नाही. म्हणून जुन्या लाकडी जहाजांच्या फासळ्यांच्या मधल्या पोकळीत खडेमीठ भरत. आता बोरेटचं द्रावण मारतात, तत्त्व तेच.

म्हणून लाकडी डेक धुवायचा तर समुद्राचं पाणी बादलीनं ओढून. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, फळ्या फुगलेल्या राहतात, सांधे मिटलेले राहतात. नळाचं पाणी मारून डेक उन्हात कोरडा पडू दिला की फळी आकसते, सांधा उघडते, पुढच्या पावसाचं पाणी खाली उतरते आणि तुळईच्या टोकाशी जाऊन बसते. सड तिथं सुरू होते. डेकवरून काही दिसत नाही.

तपासायचं कसं? लाकडी हातोडीनं ठोका. निरोगी लाकूड टणटण वाजते, सडकं बद्द. शंका आली तर टोच्या घालून पाहा. चांगल्या लाकडात टोक रुतते आणि काढताना लांब चिपळी निघते. सडकं असलं तर आडवं, आखूड तुटते. टोच्या मारायच्या जागा ठरलेल्या: तुळयांची टोकं, खांबांचा बुंधा, हॅचच्या, म्हणजे डेकमधून खाली उतरायच्या झाकणाच्या तोंडाच्या, चौकटीचे कोपरे, आणि कोणतीही जागा जिथं दोन लाकडं एकमेकांवर सपाट बसलेली आहेत.

गंजवाला
लाकडगंज काका, लाकडापुरतं सगळं मान्य. पण वरची दोन्ही जहाजं लोखंडी आहेत, डेक तेवढा लाकडी. लोखंडाला नेमकं उलटं लागतं. गंजलेल्या पत्र्यावरचं मीठ गोड्या पाण्यानं धुऊन काढल्याशिवाय रंग लावला तर रंगाखाली मीठ राहतं, ते रंगातून पाणी ओढून घेतं, आणि वर्षभरात फोड. पोरं तासन्‌तास खरवडतात, सुंदर रंग मारतात आणि पुढच्या हंगामात तीच जागा पुन्हा. दोष रंगाला देतात.

क्रम सांगतो. आधी सुटलेला गंज हातोडीनं किंवा नीडल गननं, म्हणजे सळयांच्या जुडग्यानं भराभर ठोकणाऱ्या यंत्रानं, काढायचा. मग तारेचा ब्रश. मग गोडं पाणी, भरपूर. पूर्ण वाळवायचं. त्याच दिवशी प्रायमर, कारण रात्रीच्या दवानं उघड्या लोखंडावर पुन्हा तांबूस झाक येते. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. बंदरात सकाळी आठला पत्रा रात्रीचा गार असतो, हात लावला तर कोरडा वाटतो पण वर पाण्याचा अदृश्य पापुद्रा असतो. अकराच्या आधी डबा उघडू नये, आणि दुपार उतरली की झाकण लावावं. कडांना, रिव्हेटच्या डोक्यांना आणि कोपऱ्यांना आधी ब्रशनं एक हात द्यायचा, मग सगळीकडं. रंग कडेवरून आपोआप पातळ होतो आणि गंज तिथूनच शिरतो.

अंबाझरीकर
म्हणजे एकाच जहाजावर डेकला खारं आणि पत्र्याला गोडं? मग डेक लोखंडाला जिथं भेटतो तिथं काय करतात?

गंजवाला
तीच सगळ्यात नाजूक जागा. डेकच्या कडेची फळी लोखंडी पट्टीवर बोल्टनं बसवलेली असते, आणि शेजारूनच पाणी वाहून जायची पन्हळ असते. तिथं पाणी तुंबलं की वरून लाकूड सडतं आणि खालून लोखंड खपल्या धरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, तो फुगून फळीच उचलतो. डेकची कडेची फळी किंचित वर आलेली दिसली तर ती सांध्याची बाब नाही, खाली गंज आहे असं धरून चाला.

म्हणून सकाळी जहाजावर पाय ठेवल्यावर पहिलं काम पाणी बाहेर जायची भोकं मोकळी आहेत का ते पाहणं. पानं, दोराचे तंतू, रंगाच्या खपल्या, सगळं तिथं येऊन बसतं. बोटं घालून काढायचं. कोणी सांगायची वाट पाहू नका, कारण हे काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं.

लाकडगंज
अगदी बरोबर बोलले. रात्रीच्या पावसानंतर तर धावत जा. आणि पाऊस थांबला की हॅच उघडा, खालची हवा खेळू द्या. बंद जहाज सडते, उघडं टिकते.

गंजवाला
आतल्या बाजूनं आणखी एक. जहाज पाण्यात असताना पाणरेषेखालच्या पत्र्यावर आतून हातोडी किंवा नीडल गन चालवायची नाही, कितीही गंज दिसला तरी. कुठं कुठं खपलीच पाणी अडवून बसलेली असते. तिथली जाडी अल्ट्रासाउंड गेजनं मोजून घेतात आणि काम ड्राय डॉकवर, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, गेल्यावरच. बुडाला बाहेरून जस्ताचे ठोकळे लावलेले असतात, लोखंडाऐवजी ते झिजावेत म्हणून. त्यांच्यावर रंग लावायचा नाही. उत्साहात कोणीतरी हमखास लावतं आणि मग ठोकळा नवाकोरा राहतो, पत्रा झिजतो. अर्धा संपला की बदलायचा.

जुन्या थरांत शिसं असतं, लाल शेंदरी प्रायमर दिसला की तेच समजा. कोरडं घासायचं नाही, सँडर तर नाहीच. ओलं करून खरवडायचं, योग्य मास्क, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. तिथं याची माहिती पहिल्याच दिवशी देतात, दिली नाही तर विचारा.

धरमपेठ_मध्य
डेकचे सांधे भरायचं काम स्वयंसेवकांना देतात का? ते फार कौशल्याचं दिसतं.

लाकडगंज
देतात, कोणीतरी शिकवणारं शेजारी बसते. आधी रीफिंग हुकनं जुना माल उकरून काढायचा, पण फळीची कड न तोडता. कड तुटली तर सांधा रुंद होते आणि पुढं कायमचं दुखणं. सांधा पूर्ण कोरडा पाहिजे. मग आधी कापसाची एक वात, त्यावर ओकम. ओकम म्हणजे टार लावलेले तागासारखे तंतू, ते मांडीवर वळून पेड करायचे. फळीच्या जाडीप्रमाणं एक ते तीन पेड. ते सलग ओढून भरायचे नाही, छोटे छोटे फासे घेत छिन्नीनं बसवायचे, म्हणजे सांध्याच्या रुंदीप्रमाणं माल कमी-जास्त करता येते. शेवटी सांध्याच्या तोंडाशी पाचेक मिलिमीटर जागा सोडायची, तिथं गरम पिच, म्हणजे घट्ट डांबरासारखा काळा माल, ओतायचा.

चूक दोन्हीकडं होते. सैल भरलं तर गळते हे सगळ्यांले माहीत. पण जोर दाखवून ठासून भरलं तर ओलीत फळ्या फुगतात, त्यांले जायला जागा नसते आणि खिळे उपटतात किंवा कड फुटते. आवाजावर लक्ष ठेवायचं. माल बसला की मॅलेटचा आवाज बदलते, तिथं थांबायचं. पिच फार तापवला की ठिसूळ होते, सांध्यात ओल असली की बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुडा उद्याचं भोक आहे.

डेक घासताना प्रेशर वॉशर आणू नका. सागाचा मऊ भाग निघून जाते, कडक रेषा वर राहतात आणि डेक खडबडीत होते. तारेचा ब्रशही नाही. आडवं घासा, रेषेच्या दिशेनं नाही. बोल्टवर लाकडी बुच बसवताना त्याच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवा आणि इपॉक्सीनं चिकटवू नका, व्हार्निश पुरे. पुढं कधी तो बोल्ट काढायचाच आहे.

मेट्रोवाला
काका, मग आपलं बल्लारशाचं सागवान पाठवायचं का सिडनीला? 😄

लाकडगंज
हसू नका. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं त्रिंकोमाली अजून हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, अख्खं सागवानाचं. ते मलबारचं सागवान, आपलं नव्हे, तरी सागाची ताकद समजते. आपल्या आलापल्ली-बल्लारशाच्या लाकडाचे रंग-रेषा चांगल्या आहेत, पण डेकसाठी फर्निचरवाल्यासारखी फळी निवडायची नाही. रेषा फळीच्या पृष्ठाला उभ्या पाहिजे, म्हणजे क्वार्टर कट. सपाट कापलेल्या फळीच्या रेषा पायाखाली सुटून येतात, काटे निघतात. पांढरा, बाहेरचा भाग अजिबात नको. तो सगळ्यात आधी सडते.

आणि ओल. नागपुरात मे महिन्यात पातळ फळी पाच-सहा टक्क्यांवर येते. तीच फळी बंदरावर नेऊन ठोकली तर पहिल्या पावसात फुगून शेजारणीले ढकलते. बारा ते पंधरा टक्क्यांची पाहिजे, आणि गेल्यावर महिनाभर तिथंच सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायची. मीटरनं टोकाशी मोजू नका, टोक नेहमी कोरडं सांगते. मधोमध मोजा. महाराष्ट्रात सागवान हलवायचं तर वनखात्याचा वाहतूक पास लागते, तो नसला तर गाडी नाक्यावर उभी.

सुईदोरा
शिडांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

शिडाला वारा फाडतो असा समज आहे. नेहमीच्या हंगामात शीड मरतं ते घासण्यानं, आणि पॉलिस्टरचं असेल तर उन्हानं. चौकोनी शिडाच्या पुढून बंटलाइन नावाचे दोर जातात, शीड वर गोळा करायला. शीड फुगलेलं असताना ते दोर ताणलेले राहिले तर एकाच ओळीत रात्रंदिवस घासतात. म्हणून शीड बसवल्यावर एक जण वर जाऊन प्रत्येक बंटलाइन ढिली ओढून घेतो आणि कप्पीपाशी कच्च्या सुती दोऱ्यानं बांधतो. दोरा मुद्दाम कच्चा. खालून जोरात ओढलं की तो तुटला पाहिजे, नाही तर वाऱ्यात शीड गोळा करायची वेळ आली आणि दोर हलेचना. पक्का नायलॉन दोरा वापरून शहाणपणा करणारे असतात, त्यांच्यामुळं डेकवर सगळ्यांना घाम फुटतो.

शिडाला जिथं स्टे लागतो तिथं जुन्या दोराच्या तुकड्यांचे जाड झुबके बांधतात, बॅगीरिंकल. नवख्यांना पहिलं बसून करायचं काम बहुतेक तेच मिळतं. दोन ताणलेल्या बारीक दोऱ्या, त्यावर पंधरा-वीस सेंटिमीटरचे तंतू एकेक फासा घालून सरकवायचे. कंटाळवाणं, पण हात बसतो.

शिलाई: सुई त्रिधारी टोकाची, धागा मेणातून ओढलेला. तळहाताला पाम म्हणून चामड्याचा पट्टा, त्यात अंगठ्याच्या बुडाशी खड्ड्याखड्ड्यांची धातूची चकती, सुईचं बूड तिच्यावर टेकवून ढकलायचं. इंचाला साधारण तीन टाके. फार आवळलं तर कापड चुरगळतं आणि टाकाच कापडाला कापतो. पॉलिस्टरच्या शिडात कापडाआधी धागा जातो, कारण तो पृष्ठावर उघडा असतो. नखानं टाका खरवडून पाहायचा. तुटला तर एकटा तो टाका घालून उपयोग नाही, अख्खी शिवण पुन्हा घालायची.

सुती किंवा तागाचं शीड ओलं गुंडाळून ठेवलं तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते परत जात नाहीत. बंदरात आल्यावर निवांत दिवशी शीड सोडून वाळवणं हेही कामच.

अंबाझरीकर
सुईदोरा ताई, सुंदर. वर चढायचं कसं शिकवतात? घरच्यांना तीच काळजी आहे.

शिडकाठी
हार्नेस असतोच, आणि आधी खालच्या खालच्या टप्प्यांवर चढवतात. पण हार्नेसच्या भरवशावर चढायचं नसतं. नियम असे: खिसे रिकामे. हत्यार प्रत्येक दोरीनं अंगाला बांधलेलं. घड्याळ, अंगठी काढून. जहाज कललेलं असेल तर वाऱ्याच्या बाजूनं चढायचं, म्हणजे अंग दोरांवर टेकलेलं राहतं. हात उभ्या श्राउडवर, आडव्या पायरीच्या दोरीवर कधीच नाही. पायरीची दोरी बारीक असते, तिची गाठ सरकू शकते किंवा ती कुजलेली असू शकते. पाय घसरला तरी हात श्राउडवर असले की माणूस लटकतो, पडत नाही.

यार्डखाली पाय ठेवायला एक लांब दोर लोंबत असतो. त्यावर पाऊल टाकण्याआधी ओरडून सांगायचं, आणि तिथं आधी उभ्या असलेल्यांनी ऐकलं असं कळवल्यावरच पाऊल टाकायचं. नवा माणूस चढला की दोर ताणला जातो आणि दुसऱ्याच्या पायाखालचा भाग एकदम वर उचलला जातो. बेसावध असेल तर तोल गेलाच. उतरतानाही तसंच सांगायचं.

डेकवरचा तसाच पक्का नियम पिनांचा. चालते दोर रेलिंगमधल्या लाकडी किंवा लोखंडी पिनांवर बांधतात: पिनच्या बुडाखालून एक वेढा, मग तीन-चार आठाचे फेरे, बस. शेवटी अडकगाठ मारायची नाही. दोर ओला झाला की गाठ आवळते आणि ज्या क्षणी सोडायचा त्या क्षणी सुटत नाही. असे शंभरावर दोर असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. चुकून भलताच दोर सोडला आणि तो यार्ड पेलणारा निघाला तर लाकडाचा ओंडका खाली येतो. म्हणून सोडण्याआधी नाव मोठ्यानं घ्यायचं आणि हात पिनवर असताना वर पाहायचं. जायच्या आधी पाठ करायला काही हवं असेल तर त्या जहाजाचा पिनांचा तक्ता मागवा. अंधारात तो बोटांनी आठवावा लागतो.

मनिलाचे, म्हणजे एका झाडाच्या तंतूचे, दोर पावसात आकसतात. रात्री पाऊस येणार असेल तर थोडे ढिले करून ठेवायचे, नाही तर ताण पिनवर आणि यार्डवर जातो. सकाळी वाळले की पुन्हा ओढून घ्यायचे. दोर कधी बदलायचा ते बाहेरून कळत नाही. पेड उलटे पिळून आत पाहा. आत भुसा किंवा राखाडी भुकटी पडली तर तो दोर गेला. एकाच जागी कप्पीत घासत असेल तर टोकं उलटसुलट करून लावतात, म्हणजे झीज दुसरीकडं जाते. कप्पीतही तीच युक्ती: वर्षातून एकदा पिन ठोकून बाहेर काढायची, पुसायची, ग्रीस, आणि परत घालताना अर्धा फेरा फिरवून घालायची.

शॅकल, म्हणजे दोर-साखळ्या जोडायची पिनवाली लोखंडी कडी, दिसलं की त्याची पिन तारेनं बांधलेली आहे का पाहायचं, थरथरीनं ती आपोआप उलगडते. जस्ताच्या मुलाम्याच्या शॅकलला तशीच तार वापरा. स्टेनलेस तार चकचकीत दिसते, पण खाऱ्या ओलीत ती शॅकलवरचं जस्त खाऊन टाकते.

धरमपेठ_मध्य
भारतात असं कुठं करता येईल का? सिडनीपर्यंत कशाला जायचं.

शिडकाठी
तरंगिणी १९९७ पासून आणि सुदर्शिनी २०१२ पासून नौदलात आहेत, दोन्ही गोव्यात बांधलेल्या पोलादी बार्क. पण ती प्रशिक्षण जहाजं, स्वयंसेवक म्हणून नाव देता येत नाही. २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलेलं कौंडिण्य निराळंच प्रकरण आहे. फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, खिळा नाही, सांध्यांना राळ. डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून मस्कतला निघालं. शिवलेल्या जहाजाची देखभाल वेगळी असते, त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

अंबाझरीकर
बरं. मग नागपुरात आत्ता काय सुरू करावं?

शिडकाठी
तीन पेडी दोराला डोळा घालणं, म्हणजे पेड परत दोरात विणून टोकाशी कायमची कडी करणं, आय स्प्लाइस. इतवारीत १२ मिलिमीटरचा तीन पेडी दोर घ्या. मनिला मिळालं तर उत्तम, नाही तर काथ्याचा. टोकापासून साधारण ३० सेंटिमीटर पेड सुटे करा आणि प्रत्येक पेडाचं टोक टेपनं बांधा, नाही तर पिसारा होतो. डोळ्याचा आकार ठरवून मधला पेड पहिल्यांदा एका पेडाखालून, पिळाच्या उलट. मग डावा शेजारच्या पेडाखालून. मग दोर पालटून तिसरा. एका पेडाच्या जागेतून एकच पेड बाहेर यायला हवा. दोन आले तर तिसरा चुकला आहे, तो नेहमी तिसराच असतो. नैसर्गिक दोराला असे तीन पूर्ण फेरे, कृत्रिमला पाच, कारण तो निसरडा. प्रत्येक फेऱ्यानंतर तिन्ही पेड सारखे ओढायचे.

ते जमलं की तार गुंडाळण्याचा सराव. दोन खांबांमध्ये ताणून बांधायची, लोंबती तार गुंडाळता येत नाही.

सुईदोरा
आणि जाड कॅनव्हासचा हातभर तुकडा. दोन कडा एकावर एक ठेवून सरळ शिवण घालत राहा, वाकडी गेली की उसवा. ताडपत्री शिवणाऱ्यांकडं उरलेले तुकडे मिळतात. पॉलिथिनचे नको, त्यात टाका बसत नाही.

मेट्रोवाला
मी येतो सरावाला. १० मिमीची तार दोन मीटर माझ्याकडं आहे. सुतळीला टार नाही, मेण लावलं तर चालेल म्हणालात ना?

शिडकाठी
सरावापुरतं चालेल. तारेची टोकं कापण्याआधी दोन्हीकडं बारीक तारेनं आवळून घ्या, कापल्यावर पेड उलगडतात आणि हाताला लागतात. हातमोजे आणा, चामड्याचे.

लाकडगंज
मॅलेट मी बनवून ठेवतो. बाभूळ चालेल का?

शिडकाठी
पळेल, काका. फक्त डोक्याची खाच तारेच्या जाडीला बसेल अशी घ्या आणि गुळगुळीत घासा, नाही तर सुतळी तुटत राहील.